देवीच्या वाटेवरचा जोड

वहिनी,

तुला मिरवायला आवडायचं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण तू गेल्यापासून भेटायला येणारा जो तो 'किती साधी होती बिचारी' म्हणतोय आणि माझं डोकं फिरतंय. साधी? तू? खांबाला शिडी लावायच्या आधी मोटरसायकलच्या आरशात टिकली सरळ करणारी बाई तू! पोलादपूरच्या बाजारात कुणी 'ओ इंटरनेटवाल्या ताई' अशी हाक मारली की मुद्दाम पहिल्या हाकेला ओ द्यायची नाहीस, म्हणजे तो दुसऱ्यांदा मोठ्याने ओरडेल आणि चार माणसं वळून बघतील. आणि बिचारी तर तू एक दिवससुद्धा नव्हतीस. मी दादाला सांगून ठेवलंय, यापुढे जो बिचारी म्हणेल त्याला चहा विचारायचा नाही.

दादा जेवतो. तू पहिलं तेच विचारलं असतंस म्हणून सांगते. कमी जेवतो, पण जेवतो. तुझा नवरा कसा आहे हे मी तुला काय सांगणार, आणि माझा भाऊ कसा आहे हे तू मला काय सांगणार. दोघींनाही माहीत आहे की तो तोंडातून एक शब्द काढणार नाही. तेरावं झाल्यावर दुकान उघडलं, तेव्हा शटर वर करून तुझ्या खुर्चीकडे न बघता सरळ आत गेला. खुर्ची मी हलवलेली नाही. बसतही नाही तिच्यावर. ती करकरते, आणि करकरली की मी मान वर करते.

आता एक खरं सांगू? होळीच्या तोंडावर हॉस्पिटलातून फोन आला, दादा भिंतीला धरून खाली बसला, आणि रडू यायच्या आधी मला काय आठवलं असेल? देवीच्या वाटेवरचा जोड! आता तो कोण काढणार आणि कोण परत लावणार? माझीच मला लाज वाटली. घरातलं माणूस गेलंय आणि हिला तार आठवते. मग वाटलं, माझ्या जागी तू असतीस तर तुलाही तेच आठवलं असतं, आणि तुला लाजसुद्धा वाटली नसती.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आपला धंदा केवढा होता? महाडातल्या चार गल्ल्यांना टीव्हीची केबल, एवढाच. दादा तारा ओढायचा, मी बी. कॉम. होऊन दुकानात बसायचे आणि लोकांची बोलणी खायचे की मालिका ऐन रंगात आली की नेमकी केबल कशी जाते. तू पोलादपूरच्या वरच्या अंगाची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, आणि बोलणं मात्र अस्सल गावचं. आईने एकदा हळूच सुचवून पाहिलं, गिऱ्हाइकांशी जरा शहरातलं बोलत जा म्हणून. तू म्हणालीस, "मी 'आहे'ला 'हाय' म्हटलं म्हणून तार चालायची थांबते काय, आई?" त्यानंतर आईने तो विषय काढला नाही, आणि पुढे पुढे तर तीच पाहुण्यांना ते वाक्य सांगून हसायची.

काचेची तार तू आणलीस आपल्याकडे. केसासारखी काच आणि तिच्यातून उजेड धावतो, असं तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला वाटलं, फेकतेय. मग तूच मला शिकवलंस, आणि तुझी शिकवायची पद्धत म्हणजे ओरडणं. खरेदी माझ्याकडे होती. मला वाटायचं तार ती तार, टोक ते टोक, भोकात बसलं की झालं. "बसतं म्हणून जुळतं असं नसतं गो वंदे," तू म्हणायचीस, "आपल्या नात्यातली लग्नं बघ की."

पिवळी तार आणि नारिंगी तार, मला दोघी सारख्याच दिसायच्या. पिवळीच्या आतली वाट इतकी बारीक की उजेड सरळ एका रेषेत लांबपर्यंत जातो. नारिंगीतली वाट रुंद, तिच्यात तो इकडेतिकडे आपटत जातो, एका इमारतीत ठीक, घाटात नाही. आणि रुंद वाटेला बारीक जोडली तर बराचसा उजेड तोंडाशीच सांडतो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पिवळ्यांच्या खोक्यात अर्ध्या नारिंगी घालून पाठवल्या होत्या, आठवतं? वर फोनवर म्हणतो, "मॅडम, चल जायेगा." तू माझ्या हातातून फोन ओढून घेतलास. "तुमच्याकडं चालत असंल. आमच्याकडं घाट हाय." आणि फोन ठेवून दिलास. खोकं त्याच संध्याकाळी परत गेलं.

पण तुझा खरा जीव अडकला होता तो हिरव्यात. टोकाला लावायचे प्लग दोन जातींचे, एक निळा आणि एक हिरवा. दोन्ही चौकोनी, एकाच मापाचे. निळ्यातल्या काचेचं तोंड सपाट घासलेलं, हिरव्यातलं जरासं तिरकं. तिरकं अशासाठी, की जोडावरून मागे फिरणारा थोडासा उजेड आल्या वाटेने परत न जाता बाजूला निघून जावा. आपल्या एकाच काचेतून इंटरनेटही जातं आणि टीव्हीही, आणि टीव्हीला असा मागे फिरलेला उजेड अजिबात खपत नाही. म्हणून तू ठरवलंस, आपली लाइन पहिल्या खांबापासून शेवटच्या घरापर्यंत हिरवी. गंमत अशी की हिरव्याच्या खाचेत निळा घातला तरी तो आरामात बसतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. तिरक्या तोंडाला सपाट तोंड भिडत नाही, मधे फट राहते, उजेड मार खातो आणि लोक आपल्याला शिव्या घालतात. तू दुकानाच्या भिंतीवर रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'हिरव्यात हिरवं'. कितीतरी लोक आत येऊन भाजीचं बियाणं मागायचे. त्यांना तू बसवून घ्यायचीस आणि प्लग दाखवायचीस. बियाणं न्यायला आलेला माणूस कनेक्शन घेऊन जायचा.

पुराच्या वर्षी सावित्री नदी दुकानात शिरली तेव्हा दादा गल्ला आवरत होता, मी कागद, आणि तू? तू काच सांधायचं मशीन तुझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून डोक्यावर घेऊन गच्चीवर जाऊन बसलीस. आईने विचारलं, अगं शालू का? तू म्हणालीस, दुसरं काही मऊ हाताला लागलं नाही. खोटं! बाजूलाच चादरींची चळत होती. तुला त्या मशीनला शालू नेसवायचा होता. पाणी उतरल्यावर महाडात सगळ्यात आधी आपली लाइन सुरू झाली, आणि लोक पहिल्यांदा तुझ्या पाया पडून गेले. तो दिवस मला अजून आठवतो. मी चिखल काढत होते आणि तू गाळाने भरलेल्या साडीत कमरेवर हात ठेवून उभी होतीस, जशी काही पूर तूच ओसरवलास.

मग कुडपणच्या पठाराचं वेड घेतलंस. शिमग्याला नि मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं दोन दिवसांत परत पळतात, घर असून राहत नाहीत, कारण त्यांचं काम वरती चालत नाही, हे तुला फार लागायचं. घाटातून खांबामागून खांब करत तू लाइन वर नेलीस. आणि पठाराच्या खालच्या अंगाला, त्या वाडीपाशी, गणूतात्यांनी हात आडवा केला.

तात्या वाडीचे मानकरी. म्हणाले, "तार वर जाऊ दे. आमची ना नाय. पन देवीच्या वाटेवरनं नाय."

शिमग्याला देवीची पालखी त्या वाटेने जाते आणि पालखीपुढे काठी. उंचच उंच बांबू, त्याला साड्या नि झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. एकदा उभी केली की देवळाच्या अंगणात पोचेपर्यंत ती आडवी करायची नाही, झुकवायचीसुद्धा नाही. आपली तार बरोबर तिच्या वाटेत आडवी येत होती.

मी म्हटलं, रस्त्याखालच्या मोरीतून पाइप घाल. तू म्हणालीस, पहिल्या मोठ्या पावसात डोंगर मोरीत उतरतो, पाइप खाली महाडात वाहत येईल. मग मी म्हटलं, उंच खांब घाल. तू म्हणालीस, "काठी केवढी बांधायची ते दरवर्षी पोरं ठरवतात. त्यांच्याशी शर्यत लावू काय?" आणि दोन दिवसांत तू जे केलंस ते बघून मी कपाळाला हात लावला.

वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर तू एकेक डबी बसवलीस. मधल्या वाटेवरून तारेचा एक सुटा तुकडा, दोन्ही टोकांना हिरवा प्लग. शिमग्याला तुकडा काढून ठेवायचा, पालखी गेली की परत लावायचा. वर्षातून एकदा देवीसाठी पठाराचं इंटरनेट बंद.

त्यावरून आपण किती भांडलो गो! जेवताना भांडलो, दुकानात गिऱ्हाइकांसमोर भांडलो, आईच्या वर्षश्राद्धाला वडे तळताना भांडलो. माझं म्हणणं एकच, काच वितळवून सांधली की ती कायमची, मग तू मुद्दाम लाइनीत कच्चा दुवा का ठेवतेस?

"कच्चा नाय. मोकळा हाय."

"आणि दरवर्षी तो काढायला-घालायला कोण जाणार?"

"मी."

"आणि तू नसलीस तर?"

"मी नसले तर वाडी हाय की."

"वाडी! वाडीला काय कळतंय हिरवं नि निळं?"

यावर तू नुसती हसायचीस, आणि तुझ्या त्या हसण्याने माझं टाळकं आणखी सटकायचं. ज्या कंपनीकडून आपण लाइन घेतो तिचा इंजिनिअर तपासायला आला होता, त्याने विचारलं, हे दोन जोड जास्तीचे कशाला? तू त्याला देवीची वाट दाखवलीस, काठीची उंची हाताने दाखवलीस, मग उजेड मोजायचा मीटर त्याच्या हातात दिलास. त्याने मोजलं. म्हणाला, "जोड जास्त आहेत, पण मॅडम, स्वच्छ आहेत." झालं! तो महिनाभर तू ज्याला त्याला सांगत होतीस. दूधवाल्याला सांगितलंस. दूधवाला म्हणाला, बरं झालं ताई.

पहिल्या वर्षीची गंमत मी स्वतः पाहिली, कारण तेव्हा तुझ्याबरोबर मीही वर आले होते. पालखी गेली, तुकडा लावला, आणि पठारावरच्या घराघरातल्या इंटरनेटच्या एकूण एक डब्यांवर लाल दिवा! तू शिडीवर चढलीस, प्लग काढलास, आणि काचेचं तोंड मोठं करून दाखवणाऱ्या त्या छोट्या दुर्बिणीतून बघून अशी काही हसलीस की शिडी हलायला लागली. तात्यांनी लावायच्या आधी प्लगला हळदकुंकू वाहिलं होतं. अगदी तोंडालाच. "देवीच्या वाटेवरची वस्तू," तात्या म्हणाले, "बिनपूजेची कशी लावायची?" तुझ्या जागी मी असते तर ओरडले असते. तू तात्यांना दुर्बिणीतून बघायला लावलंस. "तात्या, आतली वाट बघा केवढीशी. तिच्यापुढं तुमचा कुंकवाचा कण म्हणजे दरड हाय. पूजा डबीची करा. तोंडाला बोट नाय लावायचं, पदरानं नाय पुसायचं, फुंकर नाय मारायची." तात्यांनी एक डोळा मिटून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "दरडीचं आमाला सांगू नको. ती आमाला म्हाईत हाय."

खाली गर्दीत इंदूमावशी उभी होती. वाडीच्या अंगणवाडीची सेविका, आवाज असा की खालच्या ओढ्यावर ऐकू जावा. म्हणाली, मलाबी दाव. तू दाखवलंस. मग म्हणाली, मी चढते. मी म्हटलं, मावशी, पडाल. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पदर खोचला नि चढली. तू खालून सांगत होतीस आणि ती वर करत होती. "टक् ऐकल्याबिगर हात काढू नको!" असं तू ओरडलीस, आणि वरून मावशी ओरडली, "झालं टक्!"

पुढच्या वर्षांत मी दुकानातच राहिले. तू शिमग्याला जायचीस, आणि संध्याकाळी गुलालाने माखलेली, पुरणपोळीचा डबा घेऊन परत यायचीस. "झालं काम," एवढंच म्हणायचीस. दर वेळी जाताना दुकानातून तारेचे दोन तुकडे उचलायचीस. मी म्हणायचे, एक पुरे की, एवढी उधळपट्टी कशाला? तू म्हणायचीस, दुसरा माझा. दुसऱ्याचं तू काय करतेस ते मी विचारलं नाही.

आणि या वर्षी तू नव्हतीस, आणि घरात सुतक. पालखी नेमकी आपल्या तेराव्याच्या आत आली. मी काय नि दादा काय, देवीच्या वाटेला पाय लावू शकत नव्हतो. सकाळी तात्यांचा फोन आला. "तार काढली आमी. तुमी काळजी करू नका, येऊ पन नका. शुभाची आठवण काढली पालखीपुढं." मी हो म्हटलं आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. दादा म्हणाला, बस. बसवत नव्हतं. तुझ्यामागे तुझी लाइन पहिल्याच शिमग्याला मान टाकते की काय, हे एकच डोक्यात. तसं झालं असतं तर लोक काय म्हणाले असते? बाई होती तोवर चाललं. ते मला ऐकायचं नव्हतं. तुझ्याबद्दल मी काय वाटेल ते बोलेन, दुसऱ्याचं मी ऐकून घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी परत तात्यांचा फोन. तुकडा लावला, पण वर सगळा लाल दिवा. या वेळी कुंकू नव्हतं. काढलेला तुकडा पोरांनी देवळात ठेवला होता आणि परत आल्यावर काठीचा ओला बांबू त्याच्यावरच टाकला होता. दोन्ही टोकांचे प्लग लखलखीत, आतली काच मोडलेली. तू मावशीला दिलेला लाल उजेडाचा पेन त्यांनी एका टोकाला लावून बघितला होता. दुसऱ्या टोकाला उजेड नाही. मग मावशीला न विचारताच दोन पोरं मोटरसायकलवरून पोलादपुरात जाऊन कुठूनशी तार घेऊन आली होती. तात्यांना रंग कळत होते; म्हणाले, "एक टोक हिरवं हाय, एक निळं. लावू काय?"

तिकडे पठारावरची मुंबईची पोरं एकसारखी मला फोन करत होती, उद्यापासून कामावर बसायचंय ताई, नाहीतर आज निघावं लागेल. दुकानात नवी तार पडली होती, पण सुतकाच्या घरातली वस्तू देवीच्या वाटेवर कोण लावून घेणार? माझा धीर सुटला. मी म्हटलं, "लावा तात्या. तात्पुरती लावा. चार घरं तरी चालतील. सुतक फिटलं की मी येऊन बघते."

तिकडे काहीतरी झटापट ऐकू आली आणि फोनवर इंदूमावशी.

"कोण सांगतंय लावायला?"

"मी, मावशी. तात्पुरतं."

"शुभी काय सांगून गेली?"

"मावशी, अहो, शुभावहिनी असती तर..."

"असती तर तुला फोनातनं थोबाडीत हानली असती. सपाट तोंड तिरक्यावर दाबलं की डबीतलं चांगलं टोकबी खरवडतं. मग डबी बदलायला तू येनार काय, सुतकात? तुझी वहिनी मला सांगून गेली हाय. तू नको सांगू."

वहिनी, मी ऐकून घेतलं. मी! आपल्या दुकानाच्या भिंतीवर जे लिहिलंय ते मला वाडीची बाई फोनवर सुनावत होती, आणि मला राग यायच्या ऐवजी काय झालं माहीत आहे? रडू आलं. तू गेल्यापासून असं रडले नव्हते. भेटायला येणाऱ्यांसमोर डोळे पुसणं वेगळं.

"रडतेस कशाला?" मावशी म्हणाली. "थांब जरा. माझ्या तांदळाच्या पिंपात दुसरी हाय."

तुझा तो दुसरा तुकडा! मावशीच्या पिंपात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोन्ही टोकांना टोप्या घालून. दरवर्षी नवा यायचा नि जुना मावशी अंगणवाडीत पोरांना माळ म्हणून द्यायची. गेल्या शिमग्यापासून पिंपात पडलेला, तेव्हाचा, तुझ्या हाताने दिलेला. त्याला कसलं आलंय सुतक?

फोन ठेवला. मी मोबाइलवर आपल्या लाइनीची यादी उघडून बसले, पठारावरची सगळी घरं लाल. दादा माझ्यामागे येऊन उभा राहिला. कितीतरी वेळ काही नाही. मग एक घर हिरवं झालं. मग शाळा. मग एकदम सगळी. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तिची लाइन आहे." तेराव्याच्या आतलं त्याचं ते सगळ्यात मोठं वाक्य.

लगेच मावशीचा व्हिडिओ कॉल. तुझ्या जोडावरून आलेला पहिला फोन. आधी नुसती तिची हनुवटी दिसली, मग तिने फोन फिरवला आणि खांब दाखवला, डबी दाखवली. डबीवर इतकं हळदकुंकू चढलंय की मूळ रंग कुठला ते कुणाला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मावशी, शाब्बास. वहिनी दरवर्षी करायची, आज तुम्ही केलंत."

मावशी खो खो हसायला लागली. "शुभी कुठं करायची गो? पहिल्या वर्षानंतर तिनं शिडीला हात नाय लावला. मीच करते. ती खाली उभी राहायची, कमरेवर हात ठेवून, आन् पाहुण्यांना सांगायची, बघा आमची मावशी. टिकली बिकली लावून यायची. मिरवायला!"

म्हणजे एवढी वर्षं मी तुझ्याशी भांडत होते, तू नसलीस तर काय, तू नसलीस तर काय, आणि तू उत्तर कधीच तयार करून ठेवलं होतंस. ते वाडीत उभं होतं, शिडीवर, पदर खोचून. आणि मला सांगायचं नाही होय गो? नुसती हसत बसायचीस! मला भांडू द्यायचीस! तुझा असा राग आलाय मला, वहिनी, आणि इतका अभिमान वाटतोय की छातीत मावत नाही. काच वितळवून सांधली असती तर ती नुसती आपली लाइन राहिली असती. मोरीतून नेली असती तर वाडीला दिसलीसुद्धा नसती. दरवर्षी हात लावून लावून ती त्यांची झालीय. हे तुला त्या पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं, आणि मला कळायला तुला जावं लागलं. भांडण तू जिंकलीस. घे.

आता पुढच्या शिमग्याला मी वर जाणार आहे. शिडीला हात लावणार नाही, मावशी लावूच देणार नाही. खाली तुझी जागा मोकळी आहे, कमरेवर हात ठेवून उभं राहायची, तिथे उभी राहीन. येताना मोटरसायकलच्या आरशात टिकली सरळ करून येईन. आणि कुणी विचारलं तर सांगेन, ही माझ्या वहिनीची लाइन. मोठ्याने सांगेन, चार माणसांनी वळून बघावं असं. तू एकदा तरी मला तसं करताना बघायला हवं होतंस.

फोन ठेवायच्या आधी मावशीने एक निरोप दिला. म्हणाली, आमच्याकडनं तिच्यापर्यंत पोचनार नाय, तू घरची हायेस, तू पोचव. म्हणून तेरावं आटोपल्यावर बसले हे लिहायला.

टक् झालं, वहिनी.